नजरेनं बेतलेली चोळी

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या मावत नसत. आमच्या घरी माणसं बसायची नवी दमणी आली, बैलांच्या गळ्यात घुंगरं आली, आणि बायकांच्या खणांना तर गणतीच राहिली नाही. त्या खणांच्या चोळ्या माझी थोरली बहीण शिवायची. आम्ही तिला बाई म्हणायचो. मापाला दोरा नाही की वीत नाही. समोरचीकडे एकवार नजर टाकायची आणि चोळी बेतायची. ती अशी बसायची की आत बोट शिरू नये. आजही कुणाच्या अंगात नीट बसलेली चोळी दिसली की मला गलबलून येतं.

अकोल्याला लग्नाला निघालो तेव्हा बाई दमणीत चढली आणि नेमका एक बैल गुडघ्यावर आला. काका म्हणाले, "बाप्पा! पोरीच्या भारानं बैलच बसला!" सगळे हसले. बाई हसली नाही. पंगतीत तिनं बुंदी पानात तशीच ठेवली आणि घरी आल्यावर भाकरही टाळायला लागली. आज सोमवार, उद्या पोट दुखतं, परवा भूकच नाही. माय कौतुकानं म्हणायची, "किती उपास करून राहिली माही पोर!"

दिवाळीला बाईनं स्वतःसाठी चोळी बेतली. अंगात घातली तर खांद्यावरून घसरली. आत आणखी एक बाई मावली असती. मुंबईहून आलेला नवा आरसा मी तिच्यापुढं धरला. "पाह्य ना, किती वाळली तू!"

"पाह्यलं. खणच ढिला हाये. मी कायची वाळतो? माहे दंड त पाह्य, खांबावानी हायेत."

ते दंड ज्वारीच्या धांड्यासारखे झाले होते. पण ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं दिसत होतं. याचाच मला संताप यायचा. साऱ्या गावाचं माप जिच्या डोळ्यात, तिला स्वतःचं दिसू नये! तिचे केस गळायला लागले. घागर आणताना ती वाटेत मध्येच खाली बसायची. ही आता हातची जाते, अशी मला धडकी भरली.

मी मुळातली तापट. डोक्यात राख घालून मीही ताट सरकवलं. "बाई जेवत नाई, त मी बी नाई!" माय रडली, बा ओरडले. बाईनं माझी समजूत घातली, पण स्वतः घास घेतला नाही. मीही हटले नाही.

मग एका सकाळी माझी वेणी घालताना तिचा हात थांबला. तिनं मला फिरवून समोर उभं केलं. "तुही चोळी ढिली झाली व! किती वाळली तू!" घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, तिच्या आलं. तिचे डोळे भरले. मला चुलीपाशी नेऊन तिनं भाकर कुस्करली, वर तूप घातलं.

"खा."

"तू खा, मंग मी."

बराच वेळ ती त्या घासाकडे पाहत राहिली. मग डोळे मिटून तो तोंडात घातला, आणि दुसरा माझ्या.

असं कितीतरी महिने चाललं. पुढे ती अकोल्याला सासरी गेली, लेकरांची माय झाली. आपण जाड नाही हे तिला कधीच पटलं नाही. स्वतःची चोळी शेवटपर्यंत मोठीच बेतायची. माहेरी आली की आधी माझ्या ताटात डोकावायची, मग स्वतःचं ताट ओढायची. शेजारणींना सांगायची, "लहानपणी उपाशी मरून राहिली होती हे पोरगी. म्या जगवली इले."

मी मान डोलवायची.