ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

गाडी शिकवण्याच्या मोटारीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असतो. आमच्या या मास्तरांनी तो इतकी वर्षं दाबलाय, की आता त्यांचा उजवा पाय कुठेही बसल्या बसल्या ब्रेक शोधतो. टीव्हीवर गाडी जोरात वळली तरी सोफ्यावरचे मास्तर फरशी दाबतात. "अहो, सोडा ती फरशी, तडकेल," बायको म्हणते. शिकणाऱ्यांनी त्यांचं नाव ब्रेकमास्तर ठेवलं, तर मास्तरांना तो सन्मान वाटला.

मधुमेह जुनाच. गोळ्या घेऊन गुण्यागोविंदाने नांदत होता. गेल्या वर्षी एकदा जेवण चुकलं आणि सिग्नलवर साखर उतरली. दरदरून घाम, जीभ जड, लाल-हिरवं सगळं एकच. गाडी चालवणारी शिकाऊ मुलगी किंचाळली, तेव्हा मास्तरांनी कसाबसा ब्रेक दाबला. कोणाला काही झालं नाही. पण मास्तर जे धसकले ते धसकलेच. तेव्हापासून प्रत्येक तासाआधी क्रीमची बिस्किटं, तासाच्या मध्ये पुन्हा बिस्किटं. साखर अर्थातच चढली. डॉक्टर गोळी वाढवत, मास्तर बिस्किटं वाढवत.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "साखर आटोक्यात आणा, नाहीतर फिटनेसच्या कागदावर मी सही करणार नाही." सही नाही म्हणजे गाडी नाही. वर त्यांनी समुपदेशक बाईंचा पत्ता दिला.

"माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टर."

"डोक्यासाठी नाही हो, बिस्किटांसाठी पाठवतोय."

बाई मास्तरांच्या मुलीच्या वयाच्या. पहिली भेट मास्तरांनी पार्किंगची बेशिस्त या विषयावर काढली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या भेटीत विचारलं, "साखर उतरली असं वाटतं, तेव्हा मोजून बघता?"

मास्तरांच्या पायाने फरशी दाबली. "मोजायचं काय त्यात? कळतं मला."

"शिकणारा आरशात न बघता वळला आणि म्हणाला, मागे कोणी नाही, कळतं मला. तर?"

"तिथल्या तिथे खाली उतरवीन!"

बाईंनी साखर मोजायचं यंत्र त्यांच्यापुढे सरकवलं.

मग गृहपाठ मिळाला. धडधडलं की आधी साखरेचा आकडा ओळखायचा, मग बोटाला टोचून मोजायचं. खरंच उतरली असेल तर ग्लुकोजच्या गोळ्या लगेच, तिथे हट्ट नाही. चढलेली असेल तर बिस्किट नाही. पहिल्याच दिवशी मास्तरांनी साठ ओळखले, यंत्राने एकशे नव्वद दाखवले. मास्तरांनी यंत्र बदललं. नवंही तेच म्हणालं.

"भीतीनेही घाम येतो, हात थरथरतात," बाईंनी समजावलं. "आणि चढ्या साखरेची सवय झालेलं शरीर साखर ठीक असली तरी ओरडतं."

"म्हणजे माझंच शरीर मला फसवतंय?"

"फसवत नाही. शिकाऊ आहे."

बिस्किटं कमी झाली. पुढचा गृहपाठ मात्र मास्तरांच्या जिवावर आला: आपला आजार एका तरी शिकणाऱ्याला सांगायचा. "पळून जातील," मास्तर म्हणाले. बराच विचार करून त्यांनी निवृत्त मुख्याध्यापिका निवडल्या. त्या लायसन्सच्या चाचणीत इतक्यांदा नापास झाल्या होत्या, की पळून जाणार कुठे?

"मला घाम सुटला, बोलणं अडखळलं, तर गाडी कडेला घ्यायची आणि कप्प्यातल्या ग्लुकोजच्या गोळ्या मला द्यायच्या," मास्तरांनी एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे तुम्हाला मी थांबवायचं?" मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा उजळला. "सांगितलं असतंत की आधीच!"

त्या दिवसापासून मास्तरांची धडगत राहिली नाही.

"मास्तर, घाम आलाय. घेऊ कडेला?"

"उकडतंय, बाई!"

"मोजा."

मास्तर मोजतात. साखर बहुतेक वेळा ठीक निघते. एकदा खरंच उतरली, तेव्हा बाईंनी इंडिकेटर देऊन, आरशात बघून, गाडी अशी अलगद कडेला लावली की मास्तरांनी गोळ्या चघळत शाबासकी दिली. काही आभाळ कोसळलं नाही.

डॉक्टरांनी सही केली. सहा महिन्यांपुरतीच, आणि तीही कुरकुरत. मास्तरांनी पहिली बातमी मुख्याध्यापिकाबाईंना दिली, चौकात, गाडी चालू असताना. बाईंनी नजर रस्त्यावरून हलवली नाही.

"छान झालं. आता तो पाय ब्रेकवरून काढा. मोजलंय ना?"

मास्तरांनी पाय काढला. पुढच्या वळणापर्यंत.