शंभर पावलांचा सौदा

कराडच्या एका मोटारमालकाने मला फसवले आणि त्याची शिक्षा माझ्या बायकोने भोगली.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, म्हणून त्याने मोटारीच्या पाठीला पत्र्याची भट्टी जोडली. तीत कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवायचा आणि गॅस धरेपर्यंत पिवळट धूर सोडत राहायचे. हे सगळे स्टँडवरच्या माझ्या चहाच्या दुकानासमोर. आत बायको भजी तळायची. दुपारपर्यंत तिचे डोके ठणकायचे. पुढे खोकला लागला. पाण्याची घागर आणताना ती वाटेत दोनदा टेकू लागली.

मी हमाली करून दुकान उभे केलेला माणूस. फुकट काही मागत नाही. मी त्याच्यापुढे सौदा ठेवला. भट्टी नदीकडच्या उतारावर पेटवायची आणि धूर विरला की मगच मोटार स्टँडवर आणायची. बदल्यात त्याची कोळशाची पोती दुकानालगतच्या माझ्या खोपीत कोरडी राहतील. किती लांब पेटवायची, एवढेच उरले. ते बैलबाजाराच्या रीतीने ठरले, टॉवेलाखाली बोटे दाबून. त्याने पन्नास पावले दाबली, मी दीडशे. शंभरावर हात सुटले. चार माणसे बघत होती, पण त्यांना दिसला तो टॉवेलच.

आठ दिवस भट्टी उतारावर पेटली. बायकोचा खोकला कमी झाला. नवव्या दिवशी भट्टी पुन्हा दारात.

"शंभर पावलं ठरली हुती," मी म्हणालो.

"कोण म्हंतं? मी धाच दाबली. इचारा की कुणालाबी," मालक हसला. "आन कोळसा तुमच्या खोपीत. पोती डोक्यावर घिऊन नदीला जाऊ व्हय? आवं शेट, धुरानं डास मरत्यात. त्याचं काय मागतोय का मी?"

गिऱ्हाईकेही हसली. मी त्याची गचांडी धरली, लोकांनी सोडवले. पोती रस्त्यावर फेकली, तर त्याने तिथेच भट्टी भरली. पंधरवड्याने बायको चुलीपाशी कोसळली. उचलून मोकळ्या हवेत नेली तेव्हा शुद्धीवर आली. पण दम गेला तो गेलाच.

खोप देऊन मीच कोळसा दारात आणला, आणि साक्षीविना सौदा केला. या चुका माझ्या. पण ते आठ दिवस मोटार रोज वेळेवर सुटत होती. मग नवव्या दिवशी काय अडले, हे त्याने माझ्या घरी यावे आणि चार पायऱ्यांत धाप लागणाऱ्या माझ्या बायकोला सांगावे.