शेवटची सोळा पानं

आमची आत्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवते. सत्तावीस वर्षं झाली. खोलीत लांब टेबल, खळीचं भांडं आणि एक स्टूल. स्टुलावर कायम पुस्तकांचा ढीग, त्यामुळे आत्या उभ्यानेच काम करते. घरीही आम्हाला वाढून झालं की ओट्यापाशी उभ्यानेच जेवायची. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी मी साहित्याच्या पेपराला दुसऱ्यांदा बसणार होते. पुन्हा आपटले तर कॉलेज बंद, असं बाबांनी निक्षून सांगितलं होतं. नेमलेली कादंबरी मी वाचनालयातूनच आणली होती, आत्याने शिवलेली. 'कादंबरीचा आशय स्पष्ट करा' या हमखास प्रश्नाचं उत्तरही झोकात लिहून ठेवलं होतं: ही माणसाच्या प्रवासाची कहाणी आहे. कारण दोनशे आठ पानं एका स्वयंपाकघरात काढल्यावर शेवटी एकदम जहाज येत होतं.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी ते आत्याला वाचून दाखवलं.

"जहाज? अगं, स्वयंपाकघरात कुठून आलं जहाज?"

तिने पुस्तक उघडून शिवण पाहिली आणि कपाळावर हात मारला. एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या, दोनशे चोवीस पानांच्या दोन कादंबऱ्या तिने एकाच दिवशी उसवल्या होत्या. शेवटची सोळा पानं हिची तिला आणि तिची हिला शिवली गेली होती. ते दुसरं पुस्तक कोणी वाचक परगावी घेऊन गेला होता.

"नावंसुद्धा बदलली, तरी कळलं नाही तुला?"

"मला वाटलं, नव्या पद्धतीचं लिखाण असेल!" मला रडूच फुटलं. "शेवट माहीत नसताना आशय कुठून आणू? वाट लावलीस तू माझी!"

"लावली खरी," आत्या म्हणाली. "आता डोळे पूस आणि सांग. स्वयंपाकघरात काय काय आहे?"

"टेबल. पाच खुर्च्या. एक रिकामी, घर सोडून गेलेल्या मुलाची. आई ती रोज पुसते. म्हणजे वाट पाहणं."

"बाकीच्या चार?"

"आजोबा, वडील, दोन मुली."

"आणि आई?"

मी पानं चाळली. आई वाढत होती, आई दारापाशी उभी होती, आई भांडी विसळत होती. दोनशे आठ पानांत बाई एकदाही बसली नव्हती.

"मुलगा असतानाही तिला खुर्ची नव्हती," आत्या म्हणाली. "हे कोणाच्या लक्षातही येत नाही. तिच्यासुद्धा. हे लिही. शेवटी बसेल बघ ती. बसायलाच हवं."

मी शेवटाचा भाग वगळून तेवढंच लिहिलं आणि चांगल्या गुणांनी सुटले.

दोन महिन्यांनी ते दुसरं पुस्तक परत आलं. पानं जागेवर शिवण्याआधी आत्याने खरा शेवट वाचला, तेव्हा मी तिथेच होते. मुलगा परत येतो. आई खुर्ची पुसते, त्याला बसवते आणि वाढायला लागते. संपलं.

"बावळट बाई!" आत्या एवढ्या जोरात ओरडली की बाहेरच्या वाचकांनी माना वर केल्या. तिचे डोळे भरले होते.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आत्या स्वतःचं ताट घेऊन टेबलापाशी आली.

"दादा, जरा सरक."

बाबा गोंधळून सरकले. आत्या बसली. मी तिला वाढायला उठले.