हेराचा रिकामा फुगा

गोडदेवच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारा शेजारी चित्रकादंबरी काढतोय. जुन्या हेरकथेतल्या खलनायकालाच त्याने नायक केलंय. दर रविवारी नवं पान घेऊन येतो आणि बसायच्या आधीच विचारतो, "काका, तोंडावरून हा चोर वाटतो का?" मी उगाच चष्मा पुसत राहतो.

पाण्याची मोटर चोरीला गेली तेव्हा मी सेक्रेटरी होतो. चोर म्हणून याचं नाव बोर्डावर मीच लावलं. महिन्याभराने कळलं, मोटर माझ्या मेहुण्याने नेली होती. मी ती नोटीस गुपचूप बोर्डावरून उतरवली, पण खरं कुणाला सांगितलं नाही. अजूनही हा जिन्यात दिसला की लोक सायकलींची कुलपं ओढून बघतात.

परवा त्याने शेवटचं पान दिलं. खलनायकासमोर हेर उभा, पण त्याच्या संवादाचा फुगा रिकामा.

"हा काय बोलेल? तुम्हीच लिहा ना, मला सुचत नाहीये."

चित्र पाठकोऱ्या कागदावर काढलं होतं. उलटून पाहिला, तर मागे मी रद्दीत टाकलेली तीच नोटीस आणि खाली माझी सही. तो शांतपणे चहात बिस्किट बुडवत होता.

मी फुग्यात लिहिलं, 'मोटर माझ्या मेहुण्याने नेली.'

त्याने वाचलं. म्हणाला, "काका, अक्षर जरा मोठं काढा. बोर्डावर लावायचंय."