आईंच्या हाती न चालणारा मिक्सर

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. एखादी गोष्ट दहा वेळा करून दहाही वेळा तशीच घडली, तरच मी ती मानते. हॉस्टेलवर भुताच्या गोष्टी रंगायच्या तेव्हा मीच 'पण का?' विचारून सगळ्यांचा मूड घालवायचे. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा निखिल, न्यू जर्सीत पिस्कॅटवेला राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना पेसमेकर बसवलाय, बाकी तब्येत ठणठणीत. त्याच आठवड्यात मागच्या रस्त्यावरच्या घरी इस्टेट सेल होता... घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं सगळं सामान विकायला मांडतात, तो. तिथे मला एक स्टँड मिक्सर, म्हणजे फेटायचं-मळायचं मशीन, दिसला. साठेक वर्षांचा, अख्खा धातूचा, उचलताना हात भरून येईल इतका जड. घरी आणून लावला तर मस्त चालला. केक, कणीक, सगळं मी त्यातच करायला लागले.

एकदा आई श्रीखंडासाठी चक्का फेटायला गेल्या. खटका सरकवला, मिक्सर ढिम्म. मी येऊन सरकवला, सुरू. दोन दिवसांनी पुन्हा तेच. निखिल हसून म्हणाला की मशीनला आई आवडलेली दिसत नाही. आईंना ते लागलं. नंतर किचनमध्ये मला हळूच म्हणाल्या, "मेघना, मी ह्याला हात लावू नये असं तुला वाटत असेल तर सरळ सांग. मला राग येणार नाही."

मला फार वाईट वाटलं. म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना शेजारी उभं केलं आणि आम्ही आळीपाळीने खटका सरकवला. प्रत्येकी दहा वेळा. माझ्या हाताने दहाही वेळा चालला. त्यांच्या हाताने एकदाही नाही. शेवटी मी सुरू केला आणि त्यांना फक्त हँडल धरायला सांगितलं. त्यांचा हात टेकायच्या आतच बंद...

आमच्या लायब्ररीत महिन्यातून एका शनिवारी काही रिटायर्ड लोक जुन्या वस्तू फुकट दुरुस्त करून देतात. मी मिक्सर तिथे नेला, एका आजोबांनी तो उघडला. आतल्या वायरवरचं रबर भुगा होऊन गळलं होतं आणि उघडी तार थेट बॉडीला टेकलेली होती. प्लग लावून त्यांनी हँडलला टेस्टर लावला, दिवा पेटला. हा कोण वापरतं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी, जवळजवळ रोज, सिंकच्या शेजारी, ओल्या हातांनी. त्यांनी आधी प्लग काढून टाकला. मग म्हणाले की तुला केव्हाच जोरदार शॉक बसायला हवा होता. आईंच्या पेसमेकरचं सांगितल्यावर तर त्यांनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मोटार आणि स्विच दोन्ही उत्तम आहेत, मध्येच बंद पडायला काही कारणच नाही, असं त्यांनी दोनदा तपासून सांगितलं.

त्यांनी वायर बदलली, तीन पिनांचा प्लग बसवला. घरी येऊन मी आईंना सगळं सांगितलं. त्या उठल्या, भांड्यात चक्का घातला आणि खटका सरकवला.

सुरू झाला. पहिल्याच फटक्यात.

"मी उगाच तुझ्यावर संशय घेतला," एवढंच त्या मिक्सरकडे बघत म्हणाल्या आणि फेटत राहिल्या. परत जाईपर्यंत त्या तो रोज वापरायच्या, एकदाही अडला नाही.

आईंसाठी तो थांबत होता, असं एक वेळ म्हणता येईल... त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. पण इतके दिवस करंट उतरलेल्या हँडलवर माझा ओला हात होता आणि मला साधी झिणझिणीही आली नाही. ती का नाही, हे मला आजही माहीत नाही.