भिंतीवरचं फावडं

भावाच्या फुटबॉलच्या संघात कोण कोण येणार, हे मी निवडीच्या आधी सांगायची. सलग तीन वर्षं सांगितलं आणि फार चुकले नाही. चौथ्या वर्षी अकरातला एक चुकला. लोक अजून म्हणतात की मी चुकले. मी तेव्हाही मानलं नव्हतं, आजही मानत नाही.

माझं माहेर धरणगावचं. भाऊ तिथल्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात फिटर होता. हंगामात जिनाच्या आवारात कापसाच्या गाड्यांची ही रांग. चैत्रात हंगाम संपला की आवार मोकळं व्हायचं आणि तिथे बांबूचे खांब रोवले जायचे. कुठल्याशा गोऱ्या इंजिनिअरने मागे ठेवलेला एक फुटबॉल होता. मोच्याने त्याला इतकी ठिगळं लावली होती की मूळ कातडं कोणतं ते शोधावं लागे. त्या चेंडूपायी अर्धं गाव वेडं झालं होतं आणि मीही झाले होते. मुलीच्या जातीला काय करायचाय फुटबॉल, असं माय उठताबसता म्हणायची. मी म्हणायचे, खेळायला कुठे जातेय, बघतेच आहे ना?

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीहून मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, चार दिवस कोणी कामाला जुंपत नाही. त्याच दिवसांत जिनवाले आणि हायस्कूलवाले यांचा सामना असायचा. पण गंमत सामन्यात नव्हती, आदल्या दिवशीच्या निवडीत होती. संघ ठरलेले नसत. गावातले सगळे खेळणारे लिंबाखाली बसायचे. जिनाकडून माझा भाऊ कप्तान, हायस्कूलकडून ड्रिलमास्तर; कप्तान स्वतः खेळत नसत. फुटक्या खापराच्या तुकड्याला एका बाजूने थुंकी लावायची, वर उडवायचा, ‘ओली की सुकी’ विचारायचं. जिंकेल त्याने पहिला गडी उचलायचा, मग दुसऱ्याने, असे आळीपाळीने अकरा-अकरा. आणि निवड झाली की कप्तानाने आपल्या अकरांना घरी नेऊन पंगत घालायची, आमरस आणि मांड्यांची.

मांडे मी करायची. उगाच नम्रपणा कशाला, आळीत माझ्यासारखे मांडे कोणाचे होत नसत. भिजवलेली कणीक तारा सुटेपर्यंत तिंबायची, पुरण भरायचं, मग ती पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायची आणि पालथ्या घातलेल्या खापरावर टाकायची. सासरी गेल्यावरही आखाजीला माय माझीच वाट बघायची, आणि त्यात लेकीच्या मायेइतकाच मांड्यांचाही वाटा होता.

त्या चौथ्या वर्षी मी आठवडाभर आधी आले आणि निवडीच्या दोन दिवस आधी भाकीत मांडलं. चुलीमागच्या भिंतीवर गेरूने अकरा चित्रं काढली. मला चौथीपर्यंतचं वाचता यायचं, पण माय, वहिनी, शेजारपाजारच्या बाया यांना अक्षर येत नव्हतं, म्हणून चित्रं. टपालवाल्याच्या मुलाला पाकीट. ड्रॉइंगमास्तरला पेन्सिल. शिंप्याला कात्री. स्टेशनावरच्या झेंडेवाल्याला झेंडा. भाऊ कोणाला उचलेल एवढंच ओळखून भागत नसे. आधी ड्रिलमास्तर कोणाला पळवेल ते ताडायचं, मग उरलेल्यात भावाचा डोळा कोणावर जाईल ते बघायचं. भावाचं मन मला पाठ होतं. एकाच ताटात जेवून वाढलो होतो आम्ही.

आणि सगळ्यांत वर, पहिल्या जागी, मी फावडं काढलं.

फावडं म्हणजे जिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा माणूस. सातपुड्याच्या पायथ्याकडचा. पावसाळ्यात डोंगरउतारावर शेती करायची, दिवाळीनंतर तापी ओलांडून हंगामाला इकडे यायचं, असं त्याचं चाललेलं. तो गोलात उभा राहायचा. मी त्याला झोक्यावरून बघितलं होतं. आमच्या झोक्याचं झाड जिनाच्या भिंतीला लागून होतं आणि झोका उंच गेला की सगळं आवार दिसायचं. चेंडू अंगावर आला की भलेभले डोळे मिटतात. हा मिटत नसे. सहा महिने भट्टीच्या तोंडाशी उभं राहून झळ खाल्लेला माणूस, त्याला चेंडूचं काय भय? भाऊही रोज जेवताना त्याचंच कौतुक करायचा. ‘‘हात शेतंस का काय! चेंडू चिकटी जास त्याना हातले,’’ असं म्हणायचा.

त्याच्यासाठी ही निवड नुसता खेळ नव्हती. जिनाच्या मॅनेजरने भावाला शब्द दिला होता की संघातल्या मजुरांना बारमाही ठेवून घेऊ, पावसाळ्यात यंत्रं उघडायच्या कामावर. हंगाम संपल्यावर त्याच्या गावची सगळी माणसं परत गेली. बायको आणि मूलही त्यांच्याबरोबर गेली. हा एकटा निवडीसाठी थांबला. भावाची भाकरी घेऊन मी जिनात गेले होते, तेव्हा तो विझलेल्या भट्टीतली राख उपसत होता; त्याने फावडं भिंतीला टेकवलं आणि लाजत विचारलं, ‘‘अक्का, भाऊ माले लेई का?’’

‘‘पयलं नाव तुनंच शे,’’ मी म्हणाले.

तो हसला. मग म्हणाला, लेकराला इथल्या शाळेत घालीन. मी घरी येऊन भिंतीवरचं फावडं आणखी ठसठशीत केलं.

भावाने भिंत बघितली आणि त्याला हसू आलं. म्हणाला, ‘‘एक जरी चुकना तर तूच पुसशी बठ्ठं.’’ मी म्हटलं, सगळं पुसेन, माझ्या हाताने पुसेन. फावड्याबद्दल तो काहीच बोलला नाही. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

निवडीच्या दिवशी सकाळी मी अकरा माणसांच्या मांड्यांची कणीक तिंबून ओल्या फडक्याखाली ठेवली आणि झोका गाठला. खाली आठदहा बाया जमल्या. झोका वर गेला की मी बघायचे आणि खाली येताना ओरडायचे.

खापराचा तुकडा भावाच्या बाजूने पडला. पहिला गडी आपला! मी वर गेले. फावडेवाला लिंबाच्या बुंध्याशी, जरा लांब बसला होता. धुतलेली बंडी घातली होती. भावाने हात केला तो टपालवाल्याच्या मुलाकडे.

‘‘पाकीट!’’ मी ओरडले. खालच्या हसल्या. ‘‘पहिला नंबर चुकला गं!’’ मी म्हटलं, क्रम मागेपुढे होतो, भाऊ डाव टाकतोय, ड्रिलमास्तरला सुगावा लागू देत नाहीये. माझा तसा विश्वासच होता. मग पेन्सिल आली. कात्री आली. झेंडा आला. मी सांगितलेले एकेक येत गेले आणि खालच्या बाया टाळ्या पिटत गेल्या. ड्रिलमास्तरनेही मी ताडलेलेच पळवले. दहा झाले. दहाच्या दहा माझे!

आता एकच जागा उरली होती, आणि संघात गोलात उभं राहणारा कोणीच नव्हता. शेवटच्या फेरीत पाळी उलटायची, म्हणून दुसऱ्या बाजूचा अकरावा आधीच उचलून झाला. लिंबाखाली दोन माणसं उरली. एक फावडेवाला आणि दुसरा जिनात कापूस तोलणाऱ्या काटेवाल्याचा जावई, आखाजीला सासरी आलेला. त्याने कधी चेंडूला पाय लावलेला मी तरी बघितला नव्हता. मी झोक्याला असा रेटा दिला की फांदी करकरली.

भावाने जावयाला उचललं.

मी काही ओरडले नाही. खालून विचारत होत्या, ‘‘फावडं ना गं? फावडंच ना?’’ झोका आपोआप थांबला तेव्हा मी उतरले. लिंबाखाली कोणालाही काही वावगं वाटलेलं नव्हतं, हे मी शेवटच्या झोक्याला बघून घेतलं होतं. माणसं उठून धोतरं झटकत होती. तो तेवढा बसून होता.

घरी येईपर्यंत मला उलगडा होत नव्हता. ओसरीवर माय पत्रावळी मांडत होती. एका ओळीत, एकाला एक लागून, अकरा. ती ओळ बघितली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या ओसरीवर, टपालवाल्याच्या आणि शिंप्याच्या मुलांच्या मांडीला मांडी लावून तो बसणार होता? माझी माय त्याला वाढणार होती?

‘‘माय, तुले ठाऊक होतं?’’ मी विचारलं.

माय वर न बघता म्हणाली, ‘‘पंगतमा कोठे बसाडतू त्याले? तूच सांग.’’

संताप आला मला. मायचा आला, भावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा स्वतःचा आला. मी त्याचे हात बघितले, डोळे बघितले, ड्रिलमास्तरच्या पोटातलं ओळखलं, आणि ज्या पंगतीची कणीक स्वतः तिंबली तिचा विचार केला नाही. आयुष्य पंगती वाढण्यात गेलेल्या घरची मी मुलगी! आणि त्याच तोंडाने त्या माणसाला सांगून आले होते, पहिलं नाव तुझंच.

मंडळी आली. हातपाय धुऊन पंगतीत बसली. जावई मधोमध. रसाच्या वाट्या फिरल्या. चुलीवर खापर तापलं होतं. वहिनी म्हणाली, ‘‘अक्का, सुरू कर ना.’’

मी कणकेवरचं फडकं काढलं, पुन्हा झाकलं आणि हात धुतले.

‘‘मी मांडे करणार नाही.’’

वहिनीला वाटलं थट्टा आहे. माय आत आली, तिला कळलं थट्टा नाही. तिने आधी समजावलं, मग हात जोडले, मग माझ्या सासरचा उद्धार केला. शेवटी भाऊ आला. बाहेर दहा जण आणि एक जावई ऐकत होते, म्हणून तो दातओठ खाऊन हळू बोलला.

‘‘मन्ही इज्जत काढशी का?’’

‘‘अकरावा आण, मग करते.’’

‘‘तुले काय समजस? माले काय तो नको होता का?’’

‘‘हवा होता ना? मग घ्यायचा होता!’’ मी मोठ्याने म्हणाले. बाहेर ऐकू जावं म्हणूनच मोठ्याने म्हणाले. वहिनीला मांडे येत नव्हते, मायचे हात कापत असत. मग दोघींनी घाईघाईने कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापल्या. आखाजीच्या पंगतीला रसाबरोबर भाकरी! ही गोष्ट गावात कितीतरी वर्षं चघळली गेली.

पंगत उठल्यावर भाऊ चुलीशी आला आणि भिंतीकडे बोट करून म्हणाला, ‘‘शब्द दिला होतास. पूस.’’

मी पोतेरं घेतलं. पाकीट पुसलं, पेन्सिल पुसली, कात्री, झेंडा, दहाही पुसली. फावडं ठेवलं.

‘‘तेही पूस.’’

‘‘हे चुकलेलं नाही. तू चुकलास,’’ मी म्हणाले. ‘‘तुला पुसायचं तर तू पूस.’’ पोतेरं मी त्याच्या पायाशी टाकलं. त्याने ते उचललं नाही.

मी तशीच जिनाकडे गेले. भट्टीशी फावडं भिंतीला टेकवलेलं होतं. पहारेकऱ्याने सांगितलं, तो बोचकं घेऊन चोपड्याच्या वाटेला लागला, तासभर झाला. काय बोलला का, मी विचारलं. काही नाही म्हणे, बंडी मळू नये म्हणून काढून बोचक्यात बांधली तेवढी. पुढच्या हंगामाला त्याच्या गावची माणसं आली, तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सामना झाला. जावयाच्या दोन्ही बाजूंनी मिळून चार चेंडू गेले आणि प्रत्येक वेळी त्याने डोळे मिटले होते. बाया येऊन मला म्हणाल्या, तुझंच खरं होतं गं. मला त्याचा काडीइतका आनंद झाला नाही.

मी दर आखाजीला माहेरी जात राहिले. रुसून बसणं माझ्या स्वभावात नाही. झोके घेतले, भांडले, हसले, भावाच्या मुलांना न्हाऊमाखू घातलं. पण त्या घरात मांडे केले नाहीत. सासरी करायची, शेजारी करायची, मागतील त्याला करून द्यायची. माहेरी नाही. आणि दरवर्षी गेले की आधी गेरू कालवून ते फावडं पुन्हा गिरवायची. भिंत सारवताना वहिनी तेवढी जागा सोडायची. तिला कोणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

दहाबारा वर्षांनी भाऊ आजारी पडला. आखाजीचेच दिवस होते. माय तोवर गेली होती. त्याला अन्न जाईना, पेज तेवढी घ्यायचा. एके दुपारी काठी टेकत चुलीशी आला, पाटावर बसला आणि लहान मुलासारखं म्हणाला, ‘‘अक्का, एक मांडा कर ना. तुना हातना.’’

माझा जीव तुटला. खोटं कशाला सांगू, कणकेकडे हात गेलाही. पण मी भिंतीकडे बघितलं, आणि मी बघितलं म्हणून त्यानेही बघितलं.

‘‘ते पूस आणि म्हण, अक्का चुकली होती,’’ मी म्हणाले. ‘‘आत्ता करते.’’

पोतेरं त्याच्या हाताशीच पडलेलं होतं. तो त्या फावड्याकडे बघत राहिला. चूल धुमसत होती, मी फुंकर घातली.

‘‘ऱ्हाऊ दे,’’ भाऊ म्हणाला. ‘‘भाकर टाक.’’