पगडीचा प्रश्न

बाळकृष्ण देवगिरीकर मूळचे वर्ध्याचे. केंद्र सरकारच्या कार्यालयात नकाशे काढायचे. चंदीगडला बदली झाली आणि निवृत्तीनंतर मोहालीतच राहिले. दोन हजार एक साली अर्धांगवायूचा झटका आला. केसाइतकी बारीक रेघ ओढणारा उजवा हात लुळा पडला.

डाव्या हाताने जेवायला, लिहायला त्यांना नयना मॅडमनी शिकवलं. इस्पितळात त्या व्यवसायोपचार, म्हणजे रुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवण्याचं काम, करायच्या. एक दिवस म्हणाल्या, "काका, झटक्यानंतर घरी गेलेली माणसं कशी जगतात, याचा आम्ही अभ्यास करतोय. तुम्ही समितीत या."

"मला त्यातलं काय कळतं?"

"हात तुमचा गेलाय, माझा नाही."

बैठकीत बाळकृष्णांनी प्रश्नांची यादी वाचली. आंघोळ, जेवण, बटणं, जिना. मग म्हणाले, "माझ्या शेजारी एक सरदारजी आहेत, त्यांचाही हात झटक्यात गेलाय. यात त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतील. पण आठ महिने ते उंबऱ्याबाहेर पडलेले नाहीत. एका हाताने पगडी बांधता येत नाही आणि दुसऱ्याकडून बांधून घ्यायची नाही. मला म्हणाले, 'बिना पगडी के कहां जाऊं, यार?'"

एक ज्येष्ठ डॉक्टर हसले. "हा सवयीचा भाग झाला."

बाळकृष्णांची जीभ रागात अजून अडखळायची. तरी ते बोललेच, "बटण लागतं, साहेब. पण लावून घरातच बसायचं का?"

नयनांनी यादीत नवा प्रश्न घातला: कोणतं काम जमत नाही म्हणून बाहेर जाणं सुटलं? शिवाय घरोघरी जाऊन विचारायचं काम बाळकृष्णांकडे आणि आणखी दोन रुग्णांकडे दिलं. त्यांचा लुळा हात बघून लोक मोकळे व्हायचे. एक बाई म्हणाली, "डॉक्टरांना सगळं जमतं म्हणून सांगितलं. सून शेजारी उभी होती." बाळकृष्ण डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात सगळं उतरवून घेत.

पुढे नयना स्वतः सरदारजींकडे गेल्या. कापडाचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचं, दुसरं दातांत धरायचं, असं करत पगडी तीनदा सुटली. सरदारजी वैतागले, उठून आत गेले. दीड महिन्यानंतर मात्र थोडी कललेली पगडी घालून ते गुरुद्वारात गेले. बाळकृष्ण बरोबर होते.

अहवाल दोन हजार चारला निघाला. संशोधकांच्या नावांत बाळकृष्णांचंही नाव होतं. पुढच्या अभ्यासाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "प्रश्न छापून झाल्यावर नको, आधी बोलवा."